युरोमॅस्टिक्स दर पावसाळ्यात खाणं सोडतो? भाजी बदलण्याआधी दगड तपासा

जुलैची झड लागली की युरोमॅस्टिक्स हा वाळवंटी सरडा पाळणाऱ्यांचे मेसेज सुरू होतात. वाक्य बहुतेक तेच असतं : "भाऊ, चार दिवस झाले, खातच नाही. कोणती भाजी देऊ?" सोबत फोटो. ताटली काठोकाठ भरलेली, त्यात शेवग्याचा पाला, मेथी, जास्वंदीचं फूल, वरून कॅल्शियमची भुकटी. आणि मागे कोपऱ्यात, बिळाच्या तोंडाशी, अंगानं काळपट पडलेला तो.

न खाणं ताटलीपाशी दिसतं, म्हणून दोष भाजीवर जातो. मग मालक गोकुळपेठेच्या बाजारात सहा प्रकारच्या जुड्या घेऊन येतो, दोन दिवस प्रत्येक भाजीची परीक्षा होते, तिसऱ्या दिवशी कोणीतरी केळं द्यायला सांगतं. केळं तो चाटतो, मालकाला हायसं वाटतं, आणि मूळ बिघाड आहे तिथंच राहतो. नागपुरात हे वर्षातून दोनदा होतं, एकदा नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या, सुमारास आणि एकदा झडीत. दोन्ही वेळी बहुतेक घरांत बिघाड एकच असतो : पेटीत दिव्याखाली ठेवलेला, त्याचा ऊन खायचा दगड पुरेसा तापत नाही.

कारण समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. हा प्राणी पाल्यावर जगतो. पाल्यातला चोथा त्याच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवून पचवतात, आणि त्यासाठी अंग चांगलं तापलेलं लागतं, साधारण ३६ ते ४० अंश. ही उष्णता तो स्वतः तयार करत नाही, दगडावरून आणि दिव्याखालून घेतो. दगड थंड राहिला की आतडं मंदावतं, आणि आतडं मंदावलं की भूक जाते. अशा वेळी तो खात नाही तेच बरं करतो, कारण न पचलेला पाला पोटात सडून गॅस धरतो.

आता नागपूरचं गणित. हॅलोजनचा दिवा दगडाला ठरावीक आकड्यावर नेत नाही, खोलीत जे तापमान आहे त्यावर भर घालतो. एप्रिलमध्ये खोली ३६ वर असताना दगड ५२ दाखवत असेल, तर तोच दिवा, तेच अंतर, आणि खोली झडीत २७ वर आली की दगड ४३ च्या आसपास थांबतो. मे महिन्यात कूलर लावलेली खोली २९ वर असते, तेव्हा तो ४५ वर अडकतो. बाहेर ४५ अंशांचं ऊन असतं, म्हणून "नागपुरात आणि हा गारठेल?" असं कुणालाच पटत नाही. पण तो बाहेर राहत नाही, तुमच्या कूलरच्या खोलीत राहतो.

पुढचे आकडे मालीयन, सहारन अशा मध्यम आकाराच्या जातींसाठी आहेत, ज्या पूर्ण वाढल्यावर साधारण ३० ते ४० सेंटीमीटर भरतात. इजिप्शियन पाळत असाल तर आकडे तेच, पेटी बरीच मोठी. आणि एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. राजस्थान-कच्छकडचा आपला सांडा याचाच भाऊबंद. तो आधी युरोमॅस्टिक्स वंशातच धरला जायचा, २००९ पासून 'सारा' या वेगळ्या वंशात गेला. तो वन्यजीव (संरक्षण) कायद्यानं संरक्षित आहे, पाळणं गुन्हा आहे. "तिकडून आणून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. परदेशी युरोमॅस्टिक्सही साइटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर त्यांची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा मेला, तर तेही कळवायचं असतं. कागद नसलेला प्राणी आजारी पडला की माणसं डॉक्टरकडे न्यायला घाबरतात आणि तिथं वेळ जातो. म्हणून हे काम आधी उरका.

आधी रंग बघा, मग आकडा

सकाळी दिवे लागण्याआधी युरोमॅस्टिक्स गडद दिसतो, मातकट, कधी जवळजवळ काळा. उष्णता ओढून घ्यायला तो रंग लागतो. दगडावर चढून पोट टेकवून पसरला, की पाठीवरचा पिवळा किंवा केशरी हळूहळू उघडतो. मालीयनमध्ये हे फार स्पष्ट दिसतं : डोकं आणि पाय काळेच राहतात, पण पाठ अशी पिवळी होते की बिळातून बाहेर आलेला आणि तासाभरानं दगडावर बसलेला हे दोन वेगळे प्राणी वाटावेत. दिवे लागून दोन-तीन तास झाले, तो दगडावरच चिकटून बसला आहे आणि तरी पाठ मातकट आहे, तर थर्मामीटर काढायच्या आधीच उत्तर मिळालं.

तरी आकडा घ्याच. टेम्परेचर गन घ्या, तव्यासाठी वापरतात तसली चालते. कपाळाचा ताप मोजायची नको, ती ४२-४३ च्या पुढे जात नाही. दिवे लागून दोन तास झाल्यावर, तो जिथं बसतो नेमक्या त्या जागी, दगडाच्या पृष्ठभागावर ती रोखा. ५० ते ५५ अंश हवेत. ४५ च्या खाली असेल तर भाजीचा विषय बंद करा, कारण सापडलं. दगड मात्र मॅट हवा, चकचकीत टाइलवर ती गन खोटं बोलते. पेटीच्या दुसऱ्या टोकाला, सावलीत, तार असलेल्या डिजिटल थर्मामीटरनं हवा मोजा, ती २८ ते ३२ च्या दरम्यान पाहिजे. रात्री २० ते २५ पर्यंत उतरलं तर उत्तम, त्याला रात्रीचा गारवा लागतोच.

काचेला आतून चिकटवायचे गोल काट्याचे मापक फेकून द्या. ते काचेचं तापमान सांगतात, दगडाचं नाही. मापकावर किती विसंबायचं ते नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. २०२४ च्या मे अखेरीस आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान विभागानं सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं.

आर्द्रतेच्या मापकाची खात्री घरीच होते. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, चार-पाच थेंब पाणी घालून ते ओलसर करा, विरघळू देऊ नका. झाकण आणि मापक एकाच झिप पिशवीत घालून पिशवी बंद करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी मापकानं ७५ टक्के दाखवलं पाहिजे. ८२ दाखवलं तर पुढे प्रत्येक वेळी ७ वजा करा. नवीन आणलेल्या मापकांतही असा फरक निघतो.

आकडा कमी आला आणि दिवा तर नवा आहे? मग व्होल्टेज बघा. हॅलोजन व्होल्टेजला फार हळवा असतो. २३० ऐवजी २०० मिळाले तर त्याची उष्णता साधारण पाचव्या हिश्शानं घटते. मे महिन्यात गल्लीतले सगळे कूलर आणि एसी एकदम चालू असतात तेव्हा हे सहज होतं. घरचा पंखा नेहमीपेक्षा हळू फिरतोय का, एवढं पाहिलं तरी अंदाज येतो.

झडीतला उपाय

दिवा खाली घेऊ नका, दगड वर घ्या. शहाबादी फरशीचे तुकडे कुठल्याही बांधकामाजवळ मिळतात. दोन-तीन एकावर एक रचा, डुगडुगणार नाहीत याची खात्री करा आणि परत मोजा. तरी दिवा आणि पाठ यांत वीतभर तरी अंतर राहू द्या, नाहीतर पाठ भाजते. एवढं करूनही ५० गाठत नसेल तर वॉट वाढवा. त्यातही १०० वॉटच्या एका स्पॉटऐवजी ५०-५० चे दोन शेजारी शेजारी लावा. एका स्पॉटखाली मानेशी ५५ आणि शेपटीशी ३८ अशी स्थिती होते. तीस-पस्तीस सेंटीमीटरचं जनावर, त्याचं पोटही तापलं पाहिजे.

सोबत एक डिमर घ्या. बर्डीला इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो, पंख्याचा नको, दिव्याचा घ्या. दोन दिवे जास्त वॉटचे लावायचे आणि डिमरनं ऋतूप्रमाणे कमी-जास्त करायचे, ही सगळ्यात कमी डोकेदुखीची रचना आहे. झडीत पूर्ण उघडा, एप्रिलमध्ये अर्ध्यावर.

ओलाव्याला लोक फार घाबरतात, आणि मग चुकीच्या गोष्टीवर पैसे घालतात. बाहेर ८५ टक्के आर्द्रता आहे म्हणून पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकतात. त्या दोन दिवसांत भरतात आणि एखादी फुटली तर तो गोळ्या चाटतो. त्यापेक्षा हे लक्षात घ्या की हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता आपोआप उतरते. २८ अंशांना ८० टक्के असलेली हवा ३८ पर्यंत तापवली, तिच्यात पाणी ना घातलं ना काढलं, तरी ती ४५ टक्क्यांवर येते. म्हणजे दगड आणि दिव्याकडची बाजू नीट तापवली तर दिवसा अर्धं काम तिथंच होतं. अट एकच : तापलेली हवा बाहेर पडली पाहिजे. दिव्याच्या बाजूला वर जाळी, थंड बाजूला खाली जाळी. नुसतं वरचं झाकण जाळीचं आणि चारही बाजू काच, अशा पेटीत हवा कोंडते. सुताराकडून प्लायची पेटी करून घेणार असाल तर १२० बाय ६० सेंटीमीटरची घ्या, उंची ६०, समोर सरकती काच, आणि या दोन जाळ्या आधीच कापून घ्या. प्लाय किंवा लाकूड काचेपेक्षा उष्णता चांगली धरतं, हाही फायदा.

दिवसा पेटीत ४० टक्क्यांच्या खाली आर्द्रता राहिली तर झडीच्या मानानं उत्तम चाललं आहे असं समजा. रात्री दिवे बंद झाल्यावर ती वर जाईल, जाऊ द्या. सकाळी उतरली म्हणजे झालं.

आता पेटी कुठे ठेवली आहे ते बघा. पावसाळ्यात आपल्या घरांत एक खोली कपड्यांची होते. दोऱ्या बांधलेल्या, पंखा फुल, टॉवेल आणि जीन्स दोन दिवस लोंबकळत असतात. नेमकी तीच खोली रिकामी असते म्हणून पेटीही तिथंच असते. त्या कपड्यांतलं सगळं पाणी त्याच हवेत जातं. पेटी हलवा किंवा दोऱ्या हलवा, काय ते घरात ठरवा. त्याच खोलीत डासांची कॉइल आणि मशीनही नको, आणि पेटीच्या पायांभोवती मुंग्यांचा खडू तर अजिबात ओढू नका. त्यातली कीटकनाशकं सरपटणाऱ्यांना बाधतात.

तळाला काय घातलंय हाही झडीतला मोठा प्रश्न. बाजरी किंवा राळा पसरायची पद्धत आहे. खाल्लं तरी पचतं म्हणून ती लोकप्रिय झाली, आणि कोरड्या हवेत ती ठीकही असेल. नागपूरच्या जुलैत बाजरीला आठवड्याभरात कुबट वास येतो, खालच्या थरात जाळी धरते, टोके होतात. बुरशीचा तो दाणा त्याच्या पोटात गेला की मग खरंच पोट बिघडतं. जून संपायच्या आत ती काढा. कन्हानची बारीक रेती धुऊन कडक उन्हात वाळवून घ्या, तिच्यात चाळलेला मुरूम मिसळून दाबून बसवा, वर फरशी. आपली काळी माती मात्र नको, ती ओल धरते, फुगते, आणि वाळली की भेगाळून बीळ ढासळतं.

झडीत लाइट जाते. तास-दोन तासांनी काही होत नाही, तो बिळात जाऊन बसतो. हॅलोजन इन्व्हर्टरवर टाकून बॅटरी संपवू नका. फक्त एक पाळा : खायला सकाळी द्या, म्हणजे जेवणानंतर पाच-सहा तास दगड तापलेला मिळेल. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर ताटली भरायची सवय असेल तर ती मोडा. भरल्या पोटी थंड रात्र हे याच्या पोटाला सगळ्यात वाईट.

आणि यूव्हीबी, म्हणजे हाडांसाठी त्याला लागणारे अतिनील किरण. ढग असोत नसोत, खिडकीच्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही, त्यामुळे "खिडकीपाशी ठेवतो" याला अर्थ नाही. १०-१२ टक्क्यांची टी-५ ट्यूब, पेटीच्या निम्म्याहून जास्त लांबीची, दगडापासून साधारण ३० ते ४० सेंटीमीटरवर. जाळीच्या वर बसवली तर जाळी तिसरा हिस्सा किंवा जास्तच खाते, तेव्हा अंतर त्या हिशेबानं कमी करा. ट्यूब पेटत असली तरी तिचं यूव्हीबी वर्षभरात उतरतं. बसवल्याची तारीख पेटीच्या मागे मार्करनं लिहा.

मे महिना : बाहेर भट्टी, खोलीत दमट

नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांची नोंद झाली होती. अशा शहरात वाळवंटी सरडा पाळायला सोपं, असं ऐकायला बरं वाटतं. पण मे महिन्यात घर कूलरवर चालतं आणि कूलर म्हणजे हवेत पाणी घालायचं यंत्र. दुपारी बाहेरची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असते तेव्हा वाळ्याच्या ताट्या ओल्या करून बसवलेल्या खोलीत ती ६०-७० होते. म्हणजे वर्षातला सगळ्यात कोरडा महिना त्याच्यासाठी झडीसारखा जातो. वर "एवढं ऊन आहे, दिवा कशाला" म्हणून हॅलोजन बंद केलेला असतो. कूलरच्या खोलीत ३० अंशांत, ओल्या हवेत, दगड गार. तो खाणार कसा?

एसीची खोली असेल तर पेटी तिथं न्या. एसी हवेतलं पाणी काढतो. खोली २७ वर, दिवा पूर्ण, दगड ५२, हवा कोरडी, याहून चांगलं काही नाही. एसी नसेल तर कूलर नसलेली, तळमजल्यावरची किंवा स्लॅब थेट न तापणारी खोली शोधा आणि दिव्याचं वेळापत्रक बदला. सकाळी सात ते अकरा हॅलोजन, मग दुपारभर फक्त यूव्हीबी ट्यूब. रानातही तो हेच करतो, सकाळी चरतो आणि दुपारचं ऊन बिळात काढतो. थंड टोकाची हवा ३५ च्या वर राहायला लागली की हॅलोजन बंद करा, त्याला उतरायला जागा हवी. बीळ खरं खोल करा. मुरमाच्या थरात खाली घातलेली मातीची आडवी कुंडी किंवा नळा, तोंड थंड बाजूला. दगडाखालची बखोल म्हणजे बीळ नव्हे, ती तर सगळ्यात गरम जागा.

आणि काचेची पेटी बाल्कनीत "थोडा वेळ उन्हात" ठेवू नका, मे महिन्यात तर नाहीच, डिसेंबरातही नाही. बंद काच काही मिनिटांत आतून भाजते. खरं ऊन द्यायचं असेल तर जाळीच्या पिंजऱ्यात, सकाळी आठच्या आत, अर्ध्या भागावर सावली टाकून, आणि तुम्ही शेजारी बसून. कावळे आणि मांजरी या दोघांनाही तो दिसतो.

आता भाजी

दगड ५० च्या वर, हवा कोरडी, रंग उघडतोय, आणि तरी पाच-सहा दिवस खात नाही, तेव्हाच ताटलीकडे वळा.

रोजचा आधार पाल्याचा ठेवा. शेवगा सगळ्यात आधी, कॅल्शियम भरपूर आणि नागपुरात कुणाच्याही आवारात झाड असतं. सोबत लसूणघास, हादग्याचा पाला, जास्वंदीची पानं आणि फुलं, गोकर्णाची फुलं, काटे काढलेला फड्या निवडुंग. मेथी, मुळ्याचा पाला, सांबार (कोथिंबीर) आलटून पालटून. रंग आणि चव बदलायला किसलेलं कोहळं (लाल भोपळा) चिमूटभर. कोरडी मसूर डाळ, राळा, थोडी बाजरी वाटीत वेगळी ठेवा, बरेच जण ताटलीपेक्षा आधी तिकडे जातात.

पालक, चुका, अंबाडी, चवळई, घोळ यांत ऑक्झलेट जास्त. ते कॅल्शियमला बांधून टाकतं, म्हणजे वरून घातलेली भुकटीही वाया जाते. मे महिन्यात बाजारात पाला कमी आणि महाग, तेव्हा पालक-चवळईवरच महिना निघतो, आणि त्याचा हिशेब हाडांतून निघतो. म्हणून शेवगा आणि जास्वंद घरी लावा. हरभऱ्याचा पाला हिवाळ्यात देता येतो, पण त्यावरची आंब दोन पाण्यांनी धुऊन, आणि रोज नको. लाखोळीचा पाला आणि डाळ दोन्ही टाळा, त्यात मज्जासंस्थेला घातक द्रव्य असतं. कोबी-फुलकोबीच्या पानांवर भर नको. काकडी, टरबूज आणि बाजारातलं फिकट लेट्यूस म्हणजे पाणीच, विष्ठा पातळ करायला पुरेसं. संत्र्याच्या गावात राहतो म्हणून संत्र्याची फोड देऊ नका, तो आंबट-गोड रस त्याच्या आंबवणाऱ्या जिवाणूंना मानवत नाही. कीडे, अळ्या, उकडलेलं अंडं, कुत्र्याचं खाणं, काहीच नको. "पालच आहे ना, किडे खाईल" असं घरातली मोठी माणसं म्हणतील. तो खाईलही, आणि मूत्रपिंडं त्याची किंमत मोजतील.

झडीतली भाजी चिखल आणि पाण्यानं भरलेली येते. धुऊन सुती कापडात गुंडाळून झटका, पंख्याखाली पसरा, मग चिरा. पाण्याची उघडी वाटी पेटीत ठेवू नका, ती दुपारभर वाफ सोडत बसते. पाणी त्याला पाल्यातूनच मिळतं. कातडी सैल पडून चुणी तशीच राहत असेल, डोळे आत गेले असतील, तर त्याच्या कोपरापर्यंत येईल एवढ्याच कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा, कोरडा करा, लगेच दगडावर सोडा. कॅल्शियमची फॉस्फरस नसलेली भुकटी लहान पिल्लांना जवळजवळ रोज, मोठ्यांना आठवड्यातून दोनदा.

खायला घालायला तोंड उघडून पातळ लापशी भरू नका. थंड पोटात ती अजूनच सडते.

काही वेळा काहीच बिघडलेलं नसतं. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात रात्री गारठतं आणि दिवस आखूड होतात. धट्टाकट्टा मोठा युरोमॅस्टिक्स तेव्हा आठवडेच्या आठवडे कमी खातो, बिळात राहतो. वजन टिकून असेल तर त्याला राहू द्या. नवीन आणलेला पहिले दोन-तीन आठवडे बुजलेला असतो, समोरची काच कागदानं झाकून द्या. हिवाळा सरल्यावर मादी खाणं सोडून सतत उकरत असेल आणि पोटात गोट्यांसारखं लागत असेल, तर अंडी आहेत. तिला निदान फूटभर खोल, किंचित ओलसर रेती-मातीचा डबा द्या. नाकाभोवती जमणारी पांढरी पापडी हे सर्दीचं लक्षण नाही. जास्तीचं मीठ तो नाकातल्या ग्रंथींतून बाहेर टाकतो आणि शिंकून काचेवर पांढरे ठिपके पाडतो. दगडावर बसून तोंड उघडं ठेवणंही ठीक, पुरेसं तापल्याची ती खूण आहे.

थंड बाजूला बसून तोंड उघडं ठेवत असेल तर मात्र ते ठीक नाही. नाकातून बुडबुडे, श्वासाला घरघर, तोंडात पिवळसर चिकट थर, जबडा मऊ लागणं, पाय थरथरणं, विष्ठेत रक्त, यातलं काहीही दिसलं तर दगड-दिव्याचे प्रयोग करत बसू नका. वजन दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर घेत चला. दहावा हिस्सा उतरला तरी डॉक्टरकडे न्यायचं. शेपटीच्या मुळाशी खळगे पडून कंबरेची हाडं वर आली तर तेवढीही वाट पाहू नका.

सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. खासगी डॉक्टरकडे जा किंवा तिथं, सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेलं कोणी आहे का ते आधी फोनवर विचारून घ्या, कुत्र्या-मांजरांचा हात चांगला असलेला प्रत्येक जण यात उतरत नाही. जाताना त्याच दिवशीची विष्ठा स्वच्छ डबीत, सुकू न देता न्या, जंतांची तपासणी त्यावरच होते. जंत थोडे निघाले तर लगेच औषधाचा आग्रह धरू नका. पाला खाणाऱ्या सरड्यांच्या आतड्यात काही सूत्रकृमी असतातच, किती आहेत यावर डॉक्टर ठरवतील. पेटीचा एक फोटो, दगडाचं आणि थंड टोकाचं तापमान, आर्द्रता, ट्यूबची तारीख आणि शेवटची चार वजनं एका कागदावर लिहून न्या. प्राण्याला कापडी पिशवीत घालून छिद्रांच्या डब्यात ठेवा, आणि पाऊस असला तरी गाडीतला एसी त्याच्याकडे वळवू नका.